मधली खुर्ची

बारकीने हातात नसलेला झाडू उलटा धरला आणि त्याच्या दांड्याने वर्गाची फरशी दणादण ठोकली.

"अहो आजोबा, तो रेडिओ बंद करताय की मी येऊ खाली?" कमरेवर हात ठेवून ती स्पॅनिशमध्ये गरजली. मग आवाज घोगरा करून खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं उत्तरही तिनेच देऊन टाकलं, "या की! चहा टाकतो!"

वर्ग खो खो हसला. वर्ग म्हणजे तरी केवढा, बोटांवर मोजावीत एवढी मुलं. शाळेत स्पॅनिश घेणारे पुष्कळ, पण या सगळ्यात वरच्या वर्गापर्यंत टिकणारे थोडेच. बाकीचे क्रियापदांना कंटाळून कधीच चित्रकलेच्या तासाला पळाले होते. जे उरले त्यांच्यावर बाईंचा एकच दंडक होता. चुकलात तर चालेल, गप्प बसलात तर चालणार नाही.

सोमवारचा तास घरच्या बातम्यांचा असे. एकेकाने उठायचं आणि घरात काय घडलं ते स्पॅनिशमध्ये सांगायचं. आता बातम्या त्या काय असणार? कुणाच्या भावाला सर्दी झालेली, कुणाच्या मावशीने नवीन पडदे घेतलेले. सगळे थांबलेले असत ते बारकीच्या आईसाठी. बारकीच्या आईने चहात साखर समजून मीठ घातलं आणि ते कबूल करायला नको म्हणून अख्खा कप पिऊन दाखवला. बारकीची आई भलत्याच बसमध्ये चढली आणि शेवटच्या थांब्यावर उतरून ड्रायव्हरलाच वर चार शब्द सुनावून आली. वाद घालण्यात पटाईत म्हणून जिला सगळे वकील म्हणत, ती मुलगी तर हसून हसून डोळे पुसायची.

"माझ्या आईला तुझ्या आईकडे शिकवणीला पाठवते," असं ती एकदा म्हणाली होती.

आता खरं काय ते सांगायला हवं. बारकीच्या खालच्या मजल्यावर कुणी आजोबा राहत नव्हते. तिथे गाद्यांचं गोदाम होतं, आणि गाद्या काही रेडिओ ऐकत नाहीत. आणि बारकीची आई, बारकी या शाळेत यायच्या आदल्या वर्षीच वारली होती.

खोटं बोलायचं असं काही बारकीने ठरवलं नव्हतं. नव्या शाळेतल्या पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, घरी कोण कोण असतं? जुन्या शाळेत हा धडा घोटून घोटून झालेला. आई, बाबा आणि मी. पाठ केलेलं उत्तर तिच्या तोंडून बाहेर पडलं, आणि ती ते मागे घेणार एवढ्यात बाईंनी पुढचा प्रश्न टाकला, मग आई सकाळी काय करते? आपल्या भाषेत कुणी हे विचारलं असतं तर पोरीचा घसाच दाटून आला असता. पण स्पॅनिशमध्ये आधी क्रियापद शोधावं लागतं, ते शोधण्याच्या नादात रडू मागे राहिलं. "आई सगळ्यांच्या आधी उठते," बारकीने सांगितलं, "आणि मग कुणाला झोपू देत नाही." मुलं हसली. बारकी खाली बसली, आणि तिला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं.

त्या भाषेत तिच्या घरातून अजून कुणी गेलेलं नव्हतं. साधी गोष्ट होती. मग आठवड्याला थोडी थोडी करून आई वाढत गेली. काही आठवणीतली, काही बनवलेली. आणि काही काही अशी, की जी कुठून आली ते बारकीने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

त्या तासाची घंटा झाली की सगळं संपे. इतर तासांना ती तोंडात गुळणी धरल्यासारखी बसायची. डबा ती मागच्या जिन्यावर खायची. सुरुवातीला मुलींनी हाका मारून पाहिल्या, मग त्यांनीही नाद सोडला. व्हरांड्यात वकील समोरून आली तर बारकी हसल्यासारखं करून भिंतीच्या बाजूने निघून जायची, कारण वकील आपल्या भाषेत विचारणार, "काय गं, आई काय म्हणते?" तिथे क्रियापद शोधायला लागत नाही, लपायलाही जागा नाही. अख्ख्या शाळेतली तिची आवडती मुलगी, आणि तिलाच टाळत फिरायचं. एकटं वाटायचं. फार एकटं वाटायचं.

घरीही तेच. बाबा दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. दिवसभर प्लास्टरच्या साच्यांपुढे बसून लोकांचे दात घडवायचे. शहरातली निम्मी माणसं बाबांच्या दातांनी हसत असतील, पण बाबांचे स्वतःचे दात दिसायचे ते जेवताना. आई हा शब्द घरात काढायचा नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. याने टाळला म्हणून तिने टाळला, तिने टाळला म्हणून याने, आणि टाळता टाळता सवय झाली. दोघं एकमेकांना जपत होती. जपून जपून इतकी लांब गेली होती की ताटावर बसली तरी हाक मारावी लागेल असं वाटायचं.

"मीठ हवंय?"

"नको."

"शाळा?"

"ठीक."

झालं. एवढ्यावर जेवण उरके.

वर्षाच्या शेवटी बाईंचा एक रिवाज होता, त्याला शाळेत मधली खुर्ची म्हणत. लेखी परीक्षा सरकारची, पण खरी परीक्षा बाईंची. प्रत्येकाने घरचं एक माणूस आणायचं, स्पॅनिशचा गंध नसलेलं. एका खुर्चीत ते माणूस, समोरच्या खुर्चीत बाई. बाई डोक्यावर एक गवती टोपी चढवायच्या. टोपी चढली की बाई परदेशी पाहुणी, त्यांना इथलं अक्षर कळत नाही. मधल्या खुर्चीत विद्यार्थी. इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही. बाकीच्यांना दोन्ही भाषा येतात, तेव्हा कुणी लबाडी केली की त्यांनी बाक वाजवायचे. पोरांना हा खेळ भारी आवडायचा. गेल्या वर्षी म्हणे एका मुलाच्या आजीने बाईंना लग्न का केलं नाहीत असं विचारलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला ते विचारावं लागलं होतं.

"बारकीच्या आईला बघायचंय!" वर्गातून आवाज उठला.

"आईला वेळ नाही," बारकी घाईने म्हणाली. "तिला कामं आहेत."

"मग बाबांना आण," बाई म्हणाल्या.

"त्यांना रजा मिळत नाही."

आमंत्रणाचे फोन बाई स्वतः करत, हे मात्र पोरीच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाबा जेवताना म्हणाले, "तुझ्या स्पॅनिशच्या बाईंचा फोन होता. शुक्रवारी यायचंय म्हणे. रजा टाकली मी."

बारकीचा घास हातात राहिला. "नाही आलात तरी चाललं असतं."

"एवढ्या अगत्याने बोलावलंय," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "तू फार छान बोलतेस म्हणत होत्या. मला वाटलं, चुकून दुसऱ्याच मुलीच्या घरी फोन लागला की काय."

सांगून टाकायला पुढचे सगळे दिवस मोकळे होते. पण कसं सांगणार? बाबा, मी शाळेत आईला जिवंत ठेवलंय. हे वाक्य कुठल्या तोंडाने उच्चारायचं? गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. बाबा पाठमोरे भांडी घासत होते.

"बाबा."

"हं?"

पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"काही नाही. दाराची कडी लावलीय मी."

तिच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. कुणीतरी आईचं विचारणार. बाबा सरळ माणूस, ते सरळ उत्तर देणार. मग वर्गात जी शांतता पसरेल ती पसरेल. आणि त्याच्यानंतर कुठल्याच भाषेत आई उरणार नाही.

शुक्रवारी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. हात घासून घासून धुतलेले, तरी नखांच्या कडांना पांढरं राहिलंच होतं. पाहुण्यांच्या खुर्चीत ते गुडघ्यांवर हात ठेवून बसले, जसे लोक दातांच्या डॉक्टरकडे कवळीचं माप द्यायला बसत असतील. बाईंनी टोपी चढवली. बारकी मधल्या खुर्चीत बसली.

बाईंनी स्पॅनिशमध्ये विचारलं, आपण काय काम करता?

"बाई विचारतायत, तुम्ही काय काम करता."

"दात करतो," बाबा म्हणाले.

बारकीने सांगितलं. बाई परदेशी पाहुणीला शोभेल असा आश्चर्याचा चेहरा करून म्हणाल्या, कुठला दात करायला सगळ्यात अवघड?

"समोरचा," बाबांनी जराही विचार न करता सांगितलं. "मागचे कुणी बघायला जात नाही. समोरचा जरा जास्त पांढरा झाला तरी लोक म्हणतात, हा माझा नव्हे."

वर्ग हसला. बारकीने हेही पलीकडे पोचवलं, मध्ये न अडखळता, बाबांचा कोरडा सूर तसाच राखून. आणि बाबा आता बाईंकडे पाहत नव्हतेच. ते बारकीकडे पाहत होते. ही घडाघडा बोलणारी, हातवारे करणारी पोर कुणाची, असा त्यांचा चेहरा झाला होता. क्षणभर बारकीला वाटलं, निभावलं. अजून दोन प्रश्न कामाचे, एक हवापाण्याचा, की सुटलो.

तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आता वर्गाने विचारा," आणि वकीलचा हात सगळ्यात आधी वर गेला.

वकीलने गोड हसून आपला प्रश्न स्पॅनिशमध्ये मांडला. पोरगी वाईट नव्हती, तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. प्रश्न अर्ध्यावर असतानाच बाकीचे हसायला लागले. बाबाही सगळे हसताहेत म्हणून थोडेसे हसले आणि बारकीकडे वळून थांबले.

"काय म्हणते ती?" बाबांनी विचारलं.

मागून कुणीतरी बाक वाजवला. मग आणखी एकाने. गमतीत वाजवत होते बिचारे. गाळायची सोय नव्हती, बदलायची सोय नव्हती. तिने बाबांच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत सांगितलं, इतक्या हळू की बाबांना पुढे वाकावं लागलं.

"ती विचारतेय, आईचं... आईचं आणि खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं, रेडिओवरून चाललेलं भांडण मिटलं का."

बाबांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, फक्त आतून विझलं. त्यांनी बारकीकडे पाहिलं, मग त्या उत्सुक, हसऱ्या तोंडांकडे पाहिलं, ज्यांपैकी एकालाही काही ठाऊक नव्हतं. पुन्हा बारकीकडे पाहिलं. ती मान वर करत नव्हती.

"नाही मिटलं," बाबा म्हणाले.

बारकीने दचकून वर पाहिलं.

"सांग ना त्यांना. नाही मिटलं. मिटायचंही नाही, ती ऐकून घेणाऱ्यातली नाही." बाबा पुढे म्हणाले, "भांडते भांडते, आणि वर आली की भांडी घासताना त्याच रेडिओवरचं गाणं गुणगुणते. विचारलं तर म्हणते, मी कुठे, तुमचे कान वाजतायत."

आई गुणगुणायची. भांडी घासतानाच. हे बारकीने वर्गात कधी सांगितलं नव्हतं, ते तिने कुणालाच द्यायचं नाही म्हणून ठेवलं होतं. आता ते तिला दुसऱ्या भाषेत नेऊन ठेवायचं होतं. तिने नेलं. गुणगुणण्याच्या शब्दाशी ती अडखळली, बाईंनी टोपीखालून ओठ न हलवल्यासारखं करून तो पुरवला, आणि वाक्य पुरं झालं. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी रिवाजाप्रमाणे शेवटचं विचारलं, पाहुण्यांना आम्हाला काही विचारायचं आहे का? बारकीने सांगितलं. लोक सहसा नाही म्हणतात, हात जोडतात आणि उठतात.

"हो," बाबा म्हणाले. "त्यांना विचार, हिच्या आईबद्दल आणखी काय काय माहीत आहे त्यांना. मला ऐकायचंय."

बारकीने विचारलं मात्र, सगळ्यांचे हात एकदम वर गेले. एक एक जण सांगू लागला, आणि बारकी एकेक वाक्य बाबांच्या पुढ्यात आणून ठेवू लागली. आपल्या भाषेत.

"आई वर्तमानपत्र शेवटच्या पानापासून वाचते."

"शब्दकोड्यासाठी," बाबा म्हणाले.

"आई एकदा भलत्याच बसमध्ये चढली आणि पार शेवटच्या थांब्यावर गेली."

"मीही होतो त्या बसमध्ये." बाबांना आता खरंच हसू येत होतं. "मला कळलं होतं बस चुकलीय ते. बोललो नाही."

बारकीला हे माहीत नव्हतं. आईने बसची गोष्ट शंभरदा सांगितली होती, पण त्यात बाबा कधी नव्हते. तिने ते वर्गाला सांगितलं तेव्हा तिचाच आवाज हलका झाला होता. आई, आई, आई. किती दिवसांनी हा शब्द ती बाबांच्या तोंडावर उच्चारत होती, आणि छत कोसळत नव्हतं.

मग वकील बोलली. या वेळी ती हसत नव्हती. आपल्याला सगळ्यात आवडलेली बातमी तिने शेवटी राखून ठेवली असावी. बारकीने ती ऐकली आणि तिचा चेहरा उतरला. पण बाबा पुढे वाकून थांबले होते.

"आई," ती म्हणाली, "आई, बाबांना कामावरून यायला उशीर झाला की... त्यांचा जुना स्वेटर घालून जिन्याच्या पायरीवर बसून राहते. घरात आवाज नसला की तिला भीती वाटते. मग खाली पावलं वाजली की ती पळत आत जाते, स्वेटर काढून ठेवते, आणि काही झालंच नाही असं दाखवते."

यावर बाबा हो म्हणाले नाहीत. जिच्या नुसत्या असण्याने घरात आवाज व्हायचा, तिला कसली शांततेची भीती? आणि स्वेटर. कितीतरी संध्याकाळी कामावरून आल्यावर त्यांना तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पडलेला दिसला होता. हाताला कोमट लागायचा. पोरीला थंडी वाजली असेल, असं म्हणून त्यांनी तो दर वेळी घडी करून कपाटात ठेवला होता. एकदाही विचारलं नव्हतं.

"त्यांना विचार," बाबा सावकाश म्हणाले, "रोज बसते का."

बारकीने विचारलं. वकीलने खांदे उडवले आणि उत्तर दिलं.

"ती म्हणतेय," बारकीचा आवाज फुटला, तो तिने गिळून पुन्हा जुळवला, "ती म्हणतेय, ते आम्हाला नाही माहीत. बारकीलाच विचारा."

घंटा झाली. बाईंनी डोक्यावरची टोपी काढली, या दोघांकडे एकदा पाहिलं, आणि पुढचे पाहुणे आलेत, त्यांना घेऊन या, असं म्हणत सगळ्या पोरांना दाराकडे पिटाळलं. स्वतःही त्यांच्या मागोमाग गेल्या. बाकं सरकली, बोलण्याचा गलका व्हरांड्यात गेला.

बाबांनी आपली खुर्ची मधल्या खुर्चीकडे वळवली.

"रोज बसतेस?"

"रोज नाही," बारकी म्हणाली. मान खालीच होती. "आईची आठवण आली की."

"म्हणजे रोजच की गं," बाबा म्हणाले.